निळं रजिस्टर

निळ्या रजिस्टरात त्रेचाळीस नावं होती
आणि तुर्भ्याच्या शोरूममध्ये, काचेआड, एक गाडी.
विकायची नव्हती ती. दाखवायची होती.
रोज सकाळी मी तिचं बॉनेट पुसायचे,
चार्जिंगचं झाकण उघडून ठेवायचे
आणि लोक आत वाकून बघायचे
दाताच्या डॉक्टरसारखे.

कारखान्यातून तिमाहीला तीन यायच्या.
कधी दोन. एकदा तर एकच,
कोणीच न मागितलेल्या आमसुली रंगाची,
आणि तिच्यासाठी घणसोलीचे जनार्दन भोपी
नि नेरुळच्या डॉक्टर डिमेलो
माझ्या टेबलाशी असे भांडले
की मॅनेजरनी दोघांना उसाचा रस पाजला.
भोपी जिंकले.
डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी
समोरच्या दुकानातून डिझेल उचलली.

अकरावं नाव खानोलकरांचं.
बेलापूर रोडवरच्या रंगाच्या कंपनीतून निवृत्त.
दर शनिवारी यायचे, चपला बाहेर काढून
गाडीत बसायचे. मी म्हणायचे, राहू द्या हो.
स्टिअरिंगवर हात, घड्याळातल्या दहा-दहासारखे.
"आवाज अजिबात नाही," म्हणायचे.
गाडी बंदच असायची.

कितवा नंबर?
नववा.
पुढच्या महिन्यात? नववाच.

ऑगस्टात नंबर लागला.
पेढे नाही, फाइल घेऊन आले.
वाशीतली त्यांची सोसायटी,
खांब क्रमांक सातपाशी मागितलेलं एक सॉकेट,
आणि समितीचं टंकलेखित उत्तर:
एकाला दिलं तर उद्या सगळे मागतील.
मला हसू आलं.
सगळ्यांनी मागावं म्हणूनच तर
मी पगार घेत होते.

गाडी बाराव्या नावाला गेली.

मग कारखान्याला जाग आली.
सवलत जाहीर झाली, ट्रेलर निघाले,
ट्रेलर पोचेपर्यंत सवलत संपली.
कळंबोलीच्या यार्डात सव्वीस गाड्या,
सीटवरचं प्लास्टिकही न निघालेल्या.
मी रजिस्टर उघडून फोन लावत बसले.

घेतली हो दुसरी.
मुलगा पुण्याला गेला, आता कोणासाठी?
कोण बोलतंय? कसली गाडी?
एकानं आवाज खाली आणून विचारलं,
इतकी लगेच मिळतेय म्हणजे...
काही खोट आहे का तिच्यात?

उभ्या गाडीलाही भूक लागते
हे मला यार्डात कळलं.
रात्रपाळीचा सुदाम घरत
एकच लांब वायर खांद्यावर टाकून
एकीकडून दुसरीकडे जायचा,
काचेवर खडूनं तारीख लिहायचा.
"ती कुंपणाकडची जास्त पिते," म्हणायचा,
का ते त्यालाही माहीत नव्हतं.
चण्यांची आणि दातांची म्हण मला पाठ होती.
चण्यांनाच भूक लागते
हे तिच्यात कुठे होतं?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी
दाराबाहेर ओळखीच्या चपला.
शेजारचा मुलगा हात धरून आणत होता.
काचबिंदू. गाडी चालवणं
डॉक्टरांनी डिसेंबरातच बंद केलेलं.
खिशातून घडी घातलेला ठराव निघाला:
नऊ विरुद्ध आठ, मंजूर.
"सॉकेट बसवून पण घेतलं," ते म्हणाले,
"संध्याकाळी जाऊन उभा राहतो.
लाल दिवा आहे त्याला, तेवढा दिसतो."

मग नेहमीसारखं,
कितवा नंबर?
पहिला, मी म्हटलं.
"आणि माझ्या मागे?"
मी उगाचच पानं चाळली.
कोणी नाही, काका.
चेहरा जरा उतरला त्यांचा.

मी त्यांना काचेआडच्या गाडीत बसवलं.
हात आपोआप दहा-दहावर गेले.
मॅनेजर जेवायला गेले होते.
मी बाजूनं वाकून बटण दाबलं,
या वेळी खरंच चालू केली.

"आवाज अजिबात नाही," ते म्हणाले.