सातानंतर

शनिवारी औषधांची ढकलगाडी आलीच नाही.
पीटरहेडच्या तुरुंगात शनिवार-रविवार माणसं कमी असतात म्हणे,
म्हणजे आत असलेले सोडून.

डगल स्ट्रॅकन खालच्या पलंगावर, मी वरच्या.
जन्म गेला त्याचा हॅडॉकच्या मागे, उत्तर समुद्रात,
आणि यकृत गेलं, अर्धं बाटलीत,
अर्धं कुणाच्या तरी उसन्या सुईत.
आता तो भानावर असतो ते एका पाकासारख्या गोड औषधावर:
दिवसाला तीन मापं, तीनदा संडास.
पोट साफ तर डोकं साफ.
हसू नका, खरंच इतकंच आहे ते.
नाहीतर आतलं विष रक्तात साचत जातं
आणि वर, कपाळामागे, धुकं उतरतं.

रविवारी त्यानं बुटाची नाडी हातात घेतली
आणि पाहत बसला तिच्याकडे,
लग्नात कुणी ओळख दाखवावी
नि आपल्याला नाव आठवू नये, तसा.
हा माणूस काळोखात, गारठलेल्या बोटांनी,
बोट कलत असताना गाठी मारायचा.
रात्री मला आयलीन म्हणाला.
मी ओ दिली. काय बिघडतं?

सोमवारी हजेरी. पहारेकरी रेनी दारातून ओरडला,
बाहेर ये, भिंतीला लागून उभा राहा.
डगलनं ऐकलं. ऐकताना मी पाहिलं त्याला.
शब्द आत गेले
आणि आत कुणी घरी नव्हतं.
हात पुढे कर, रेनी म्हणाला.
त्यानं दोन्ही पंजे उभे धरले, गाडी थांबवावी तसे,
आणि ते पडायचे, उठायचे, पडायचे,
धक्क्यावरच्या जखमी सीगलसारखे.
थट्टा करतोस माझी?

मंगळवारी चौकशी.
मी आत नव्हतो; त्याच्यापाशी उरलं तेवढं त्यानं सांगितलं.
हुकूम कळला होता का?
हो.
मग पाळला का नाहीस?
हो.
पहिला हो लिहून घेतला.
दुसऱ्यासाठी रकाना नव्हता.
चौदा दिवस पगार बंद, टीव्ही बंद.
वसंतात त्याच्या सुटकेचा विचार व्हायचाय,
तेव्हा हा कागद सगळ्यांत वर असेल.

बुधवारी नर्स मॉरॅग एक पान घेऊन आली.
पानभर विखुरलेले आकडे, एक ते पंचवीस.
रेघेनं जोडत जा, म्हणाली, न थांबता.
एक, दोन, तीन. सातापर्यंत सुरेख.
सातानंतर रेघ आठाच्या शेजारून गेली,
कागदाची कड ओलांडली,
टेबलावर उतरली
आणि खिडकीच्या दिशेनं चालत राहिली.
मॉरॅग घड्याळाकडे पाहत होती.
मग नाही पाहिलं तिनं.

सोमवारी रात्रीपासून औषध सुरू झालं होतं म्हणा,
पण डगल परतला शुक्रवारी.
चहात साखर किती ते त्याला माहीत होतं.
नाड्या बांधल्या, न बघता.
मग टेबलावरची रेघ दिसली.
हे कुणी केलं?
तू.
त्यानं बोट ठेवलं तिच्या सुरुवातीवर,
हळूच शेवटापर्यंत नेलं.
इथं वारा फिरला असणार, म्हणाला.
आणि अंगठा थुंकीनं ओला करून
पुसायला लागला घाईघाईनं,
सरकारी टेबल आहे,
ह्याचीही चौकशी लावतील.