ठप

मुकण्याचं पाणी वैशाखात मागं सरलं
आणि होडी गाळावर तिरकी राहिली.
पालथी करायला चौघं लागलो.
सोमा लचके म्हणाला, म्हातारी झाली, जड व्हायचीच.
मी गप्प बसलो.
फायबर वयानं जड होत नाही.

बुडालेल्या कुठल्याशा बांधाचा दगड लागला होता,
नाळेखाली वीतभर चीर.
खिशातलं दोनचं नाणं काढून
मी ठोकत गेलो:
टण, टण, टण,
मग ठप.
चिरेपासून हातभर लांबही
ठप.
पेन्सिलीनं खुणा जोडल्या तर
परातीएवढा आजार निघाला.

अंबडला मी बसच्या सीटा भरतो,
पाण्याच्या टाक्या, कधी फिरत्या संडासांची दारं.
साच्यातनं सगळं नवंच निघतं.
इथं ग्राइंडर टेकवला की निळा रंग,
त्याखाली हिरवा, त्याखाली कंपनीचा पांढरा,
आणि मध्येच एक ठिगळ,
जे कंपनीचं नव्हतं.

शेजारी भोक पाडलं.
आतल्या फळीतून चहाच्या रंगाचं पाणी
थेंब थेंब, दोन रात्री.
यसाईनं खाली घमेलं लावलं.
कुठल्या सालातलं धरण होतं ते?
सोमा वरनं जाळं टाकायचा
आणि तळाशी तेच पाणी
बिनभाड्यानं बसून फिरायचं.

ठिगळ उचकटलं.
मॅटचे धागे कोरडे, रेझिन पोचलंच नव्हतं.
कडेला, रंगाखाली,
घट्ट झालेला अंगठ्याचा ठसा,
मधून तिरका कापलेला.

माझा डावा अंगठा तसा आहे.
दहावी नापास झालो त्या वर्षी पत्रा लागला होता.

सहा महिने झाले होते तेव्हा कामाला लागून.
रोलर न घेताच आलो होतो, ऐटीत.
ओल्यावरच चिकटवलं, वरून गुळगुळीत केलं,
म्हणालो, दादा, होडी जाईल, जोड जायचा नाही.
पाचशे घेतले होते. जेवूनही गेलो होतो,
मरळाचं कालवण.

सोमा उकिडवा बसून ठिगळाकडं बघत होता.
हातात पाणी उपसायचा डालड्याचा डबा,
आतून चांदीसारखा घासलेला.
बारा वर्षं घासल्याशिवाय
डबा इतका लख्ख होत नाही.

या वेळी चिरेच्या दोन्ही अंगांना लांब उतार दिला.
फळी नवी घातली. ॲसिटोननं पुसलं.
वाळू दिलं. अजून एक दिवस वाळू दिलं.
कारखान्यातनं फोन आला, उचलला नाही.
कोपरापर्यंत काचेची खाज,
आणि ऊन असं की हार्डनर हात आखडून घालायचा,
नाहीतर भांड्यातच धुमसतं.

रेझिन कशात कालवू? मी विचारलं.
सोमानं डबा पुढं केला.
अरे, यात घट्ट बसेल, म्हणालो,
मग उपसायच्या कामाचा राहायचा नाही.
म्हाईत हाय, म्हणाला.

मग मी पाच थर भरले,
एकेका थरावर रोलर फिरवत,
शेवटचा बुडबुडा कडेला येऊन फुटेपर्यंत.

सकाळी नाणं त्याच्या हातात दिलं.
त्यानं नाळेपासून सुरुवात केली,
कान लावून, घाई न करता,
माझ्या जोडावरून तीनदा गेला.
मग डब्यात घट्ट झालेल्या मधाळ गोळ्यावरही
एकदा ठोकून पाहिलं.