ड्रायव्हरनं कुठं झोपावं

रात्री दोन वाजून सात मिनिटांनी उद्यमबागेत
तीन नंबरचं मशीन चालता चालता गोठलं.
टूल जॉबच्या पोटात, सिलिंडरवर लांब ओरखडा,
पडद्यावर पांढऱ्या आकड्यांची रांग
आणि तळाशी एक ओळ : कर्नल कोसळला.

गुरुसिद्ध हुक्केरीनं कानटोपी काढली.
“तुझा ड्रायव्हर. सांगितलं होतं की नाही, बाहेर ठेव म्हणून?
बाहेर पडला तर एकटा पडतोय,
झाडून उठवायचा, घर उभंच.
आत घेतलास की सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला.”

मी चहा इतक्या रागानं ठेवला की निम्मा सांडला.
“बाहेर ठेवला की पावलापावलाला अर्ज.
सेन्सर म्हणणार थांब,
निरोप उंबऱ्याशी येणार, नाव सांगणार, गाव सांगणार,
आतलं कुणी उठणार, कागद उलटासुलटा बघणार,
मग उत्तर पुन्हा उंबऱ्याबाहेर.
एका मिलिसेकंदाचं काम आहे, गुरुसिद्धा.
तोवर टूल बोटभर आत गेलेलं असतं.
बेळगावात राहून तुला मी सांगू,
खिडकीपाशी किती वेळ जातो ते?”

तो हसला नाही.
खिडकीच्या त्या बाजूला त्याचा मामा बसायचा
आणि या बाजूला, फाईल छातीशी धरून, माझा बाप.
आम्ही ते कधी बोललो नव्हतो.

तेवढ्यात भरमाण्णा निलजकर शेकोटी सोडून आत आले,
हातात बॅटरी, गळ्यात मफलर.
“कोण कोसळलं? कुठले कर्नल?”
आम्ही समजावलं. पटलं नाही त्यांना,
पण स्टूल ओढून बसले.

“अकरा वर्षं कर्नलसाहेबांचा ड्रायव्हर होतो मी.
कॅम्पातला बंगला. आत पाय नाही टाकला कधी.
माझी खोली पोर्चच्या पलीकडं, भिंतीला घंटी.
घंटी वाजायची, मी बूट घालून पळायचो,
तवर साहेब फाटकापर्यंत चालत गेलेले.”
“बघ,” मी म्हटलं.
“थांब की बाई. एकदा हिवताप आला,
चार दिवस खोलीत पडून.
दुसरा ड्रायव्हर आला. बंगल्यातला पंखासुद्धा थांबला नाही.”
“नोडु,” गुरुसिद्ध म्हणाला.
“आणि चोर्ल्याच्या घाटात मात्र
तेच साहेब, तीच जीप, एका हाताच्या अंतरावर.
मला डुलकी लागली असती तर
कर्नल कोण, ड्रायव्हर कोण, दरीला काय कळणार?”
मग आमच्याकडं बघून,
“येवढ्या थंडीत भांडत काय बसूलासा?”

मी नोंदी उघडल्या. वरून खाली, मग खालून वर.
सोळा खाने मागितले होते मी
आणि सतराव्यात लिहिलं होतं.
शेजारच्याचा बांध कोरला होता,
एका आकड्यानं,
आणि त्या शेजाऱ्याच्या वहीत कुणाची पाळी कधी ते लिहिलेलं.
अख्ख्या भांडणात मी वेगाबद्दल बोलले.
माझ्या हाताबद्दल एक शब्द नाही.

गुरुसिद्धनं ओळ वाचली. काही म्हणाला नाही.
म्हणाला असता तर बरं झालं असतं.

पहाटेपर्यंत ठरलं ते असं :
पंप, दार, दिवा, पडदा, सगळे बाहेर,
पडले तर पडू देत, पहारेकरी उठवील.
स्पिंडलची नाडी तेवढी आत,
तळहाताएवढी,
आणि तिची प्रत्येक ओळ गुरुसिद्ध वाचणार.
तो शेरे कन्नडात लिहितो, मी मराठीत.
कंपायलर दोन्ही न वाचताच पुढं जातो.

शेठना सकाळी काय सांगायचं ते ठरलं नाही.
बाद झालेला सिलिंडर भरमाण्णांनी मागून घेतला,
लोळवत दाराबाहेर नेला,
शेकोटीच्या वाऱ्याकडच्या अंगाला टेकवला,
आणि त्याच्या आडोशाला जाऊन बसले.