शेवटची यावल गाडी

चोपड्याला पत्र्याचं थिएटर होतं तेव्हा
रात्रीचा खेळ सुटायचा सव्वाबाराला
आणि शेवटची यावल गाडी पावणेबाराची.
मधला अर्धा तास
लोटनआप्पा कात्रीनं काढायचे.

ऑपरेटर होते. सातवी नापास.
गाणं कापलं तर खुर्च्या मोडतात,
मारामारी कापली तर पत्र्यावर दगड येतात,
म्हणून ते अधलंमधलं उचलायचे:
कुणी पत्र वाचतंय,
कुणी दार लोटून घेतंय,
कुणी नुसतंच बसलंय.
तुकडे बिस्किटाच्या डब्यात.
मी शेजारची. मे महिन्यात डबा उघडून
एकेक पट्टी उन्हाला धरायची.
एकाच बाईचे चोवीस चेहरे
आणि एकातही कळायचं नाही तिला झालंय काय.

एकदा अडावदची एक मजूरबाई सकाळीच आली,
विळा कमरेला, भाकरी फडक्यात.
म्हणाली, रातना खेळमा त्या बहिणीनं पत्र उघडलंच नाही,
मग भाऊ गेल्याचं तिला कळलं कसं?
आप्पा गप्प.
मग आत जाऊन डबा घेऊन आले,
पट्टी शोधली, तिच्या हातात दिली.
तिनं ती सूर्याकडे धरून पुष्कळ वेळ पाहिली.
बरं, म्हणाली,
आणि केळीच्या बागेत कामाला गेली.

मुलाखतीत मी यातलं काही सांगितलं नाही.
एम. ए., दोन एकांकिका, मराठी टायपिंग, एवढंच.

आता पंधरा दिवस गोरेगाव, पंधरा दिवस इथं
गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, जिथं रेंज येते.
आत्या विचारते, मालिका तू लिहितेस?
नाही.
मग काम करतेस तिच्यात?
नाही.
मग नाव तरी येतं का?
येतं. तुम्ही रिमोट शोधता ना, तेव्हा.

रोज चाळीस पानं. समासात लाल पेन:
हिला हवंय काय?
हे तिला सोमवारीच कळलंय.
याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, ताट कसं फेकेल?
चॅनलचा फोन, गुरुवारी कुणीतरी रडलं पाहिजे.
कोण, ते तुम्ही ठरवा.
लेखक पुण्याचा. रात्री एक वाजता म्हणतो,
यामिनी, तू माझा सीन मारलास.
मी म्हणते, लोकांना गाडी गाठायची असते रे.
तो म्हणतो, कुठली गाडी?

भाग एकशे बारा.
सासू हौदावर एकटी, मेलेल्या मुलाचा शर्ट धुते.
संवाद नाही. एक मिनिट दहा सेकंद.
एडिटला बसून मीच म्हटलं, काढा.
कुणी हरकत घेतली नाही. लेखकसुद्धा झोपला होता.

माय टीव्हीसमोर कळण्याचं पीठ चाळत होती.
चाळण थांबली.
आठे काहीतरी व्हतं.
काही नव्हतं, माय.
व्हतं. ती घरमा उनी तवय तिना हात वल्ला व्हतात.

मी दोन वर्षं शिकले, तीन वर्षं फुकट राबले,
अकरा लोकांनी तो भाग पाहून सही केली,
आणि ते ओले हात
कुणालाच दिसले नव्हते.

फोनवर कच्चा कट होता. तिला दाखवला.
पिठाच्या बोटांनी तिनं फोन धरला,
हौद, शर्ट, पुन्हा हौद.
पुन्हा लाव म्हणाली. लावला.
मला वाटलं ती बरं म्हणेल.
ठेवाले जोयजे व्हतं, म्हणाली,
आणि स्क्रीन पदरानं पुसून परत दिली.

खाली स्टँडवरून यावल गाडी सुटली.
हल्ली ती नवालाच जाते,
निम्मी रिकामी.