सुट्या गोळ्या

सकाळी शटर वर करतो, तेव्हा
काउंटरच्या काचेवर रात्रीची राख बसलेली असते,
पिठाहून बारीक.
पुसायच्या आधी मी बोटानं तिच्यावर
कालची उधारी मांडून बघतो.
जुनी खोड. कागद वाचतो.

दुकानाचं नाव निर्मल मेडिकल.
वडिलांनी ठेवलं तेव्हा एकच धुरांडं होतं
आणि पिंपळबोडीत खोकला
पावसाळ्यापुरता पाहुणा यायचा.
आता घरजावई झालाय.

शेवंताबाई धवस पदराची गाठ सोडते.
"पत्ता नोको भाऊ, दोन काटून दे."
मी कात्री घेतो.
पत्ता कापला की भाव एका तुकड्यावर राहतो,
मुदतीची तारीख दुसऱ्यावर.
तिच्याकडे बहुतेक भावाचाच तुकडा जातो.

तिच्या बचत गटानं उन्हाळ्यात
कुरडया घातल्या, सरगुंडे वळले,
गच्चीवर धोतराच्या पांढऱ्या पानावर वाळवले.
नागपूरच्या दुकानदारानं अकरा किलो माल परत पाठवला,
फोनवर विचारलं, "तीळ कायले टाकले?"
मग त्या घरीच खाल्ल्या, तळून, चार घरांनी.
"तीळ" म्हणत मुलांनी मागून मागून खाल्ल्या.

दौलत कुळसंगे भट्टीवर, ठेकेदाराकडे.
रोज चारशे बारा.
मस्टरवर हजर आहे, गैरहजर आहे,
खोकल्याला रकाना नाही.
गेल्या महिन्यात आठ दिवस भरले नाहीत.
मी काचेवर लिहिलं, तीन हजार दोनशे शहाण्णव,
खाली औषधाचे साडेसहाशे, वेगळे.
तो वाकून बघत होता.
खोकला आला, तोंडापुढे हात धरायला उशीर झाला,
सगळा हिशेब उडाला
आणि पुढच्या श्वासाबरोबर
थोडा त्याच्या छातीत परत गेला.
"लिहू नोको भाऊ," तो म्हणाला,
"भट्टी बंद झाली तर खाऊ काय?"

खरं आहे.
शाळेतले निळे बाक कंपनीचे,
बोडीच्या पाळीवरचे दिवेही.
आणि माझं काय?
वडिलांच्या काळात कपाटात सिरपच्या सहा बाटल्या असायच्या,
आता खोकीच्या खोकी उतरतात.
वरचा मजला मी ह्याच हवेवर बांधला.
तिथल्या खिडक्या उघडत नाहीत,
तशाच बसवून घेतल्या.

दुसऱ्या भट्टीची जनसुनावणी झाली,
मंडप, कूलर, चिवड्याची पाकिटं.
साहेबांनी खर्च वाचला, कोटी कोटीत,
जमिनीचा, यंत्राचा, झाडं लावण्याचा.
माझ्या पिशवीत उधारीची वही होती,
दोनशे बारा पानं,
त्यात तीन नावांवर मीच आडवी रेघ मारलेली,
कारण आता मागायचं कुणाकडे.
ठरवून गेलो होतो. हात वर केला.
माईक माणसांच्या डोक्यांवरून माझ्यापर्यंत आला.
पहिल्या रांगेत कंपनीच्या फिरत्या दवाखान्याचे डॉक्टर,
महिन्याला चाळीस बाटल्या माझ्याकडून घेणारे,
ओळखीचं हसले.
मी विचारलं,
"पिण्याच्या पाण्याची सोय कुठं केली आहे?"
शिपायानं मागचा ड्रम दाखवला.
मी जाऊन पाणी प्यायलो. तहान नव्हती.

त्या रात्री शटर अर्धं ओढलं होतं.
खालून दोन पाय दिसले, धुळीचे मोजे घातल्यासारखे.
दौलतची धाकटी, यमू.
मुठीत पाच रुपये, घामानं ओले.
"बाबासाठी. एकच द्या."
पत्त्यात एकच उरली होती, शेवटची,
कापायची गरज नव्हती.
ह्या वेळी तारीख त्याच तुकड्यावर होती.
यमू नुकती वाचायला लागली आहे,
दिसेल ते वाचते, पाट्या, पोती, बसचे नंबर.
दिव्याखाली धरून तिनं तारीख वाचली, अक्षर अक्षर जोडून.
मग वर बघितलं.
"काका, पुढच्या वर्षीचा मार्च लिवला हाय.
तेवढं चालते ना?"

चालते, म्हणालो.
पाच रुपये काउंटरवर तसेच राहिले.
सकाळी उचलले, तर काचेवर
नाण्याएवढी जागा स्वच्छ होती.