कडेची काळी रेघ

सिन्नर फाट्याला, रुळांलगतच्या टपरीवर
तन्वीर आत्तारने अल्बम उघडला.
नऊ कार्डं. पहिल्यावर सोनेरी ड्रॅगन, पाठीवर वीज,
अंगात प्लॅस्टिकचा अंगरखा.
"सगळी मिळून साडेचार हजार," म्हणाला.
मिसरूड नुकतं फुटलेलं, आवाज अजून फुटायचा होता.

मी सोबत कचरूकाकांना नेलं होतं.
कचरू नामदेव अरिंगळे. प्रेसमध्ये एकतीस वर्षं,
छापून आलेल्या तावांतून
चुकार ताव बाजूला काढायचं काम.
अजूनही घरी लग्नपत्रिका आली
की आधी कागद चोळतात, मग नवरीचं नाव वाचतात.

त्यांनी चहाची बोटं पँटला पुसली,
ड्रॅगन कानाशी धरून टिचकी मारली.
"खऱ्याला आवाज असतो. हा मुका आहे."
मग मागून मोबाईलची बॅटरी लावली.
ड्रॅगनच्या पोटातून उजेड आरपार,
जुन्या मलमलीतून यावा तसा.
"पोटात काळा थर लागतो, बाळा.
कडेनं बघ. भाकरीच्या दोन पापुद्र्यांमधे
काजळाची रेघ दिसायला पाहिजे."
दिसली नाही.

भिंगाखाली अक्षरं.
काळं ते सलग काळं हवं;
इथे निळे, गुलाबी, पिवळे ठिपके
दाटीवाटीनं उभे राहून
काळं असल्याचं सोंग आणत होते.
मी खिशातलं माझं कार्ड काढून शेजारी ठेवलं,
तर याच्या पाठीची निळाई
घोटभर जांभळी निघाली.
"हां. शेजारी ठेवायचं," काका म्हणाले.
"खोटं एकटं असलं की राजा असतं."

दुसरं गेलं. तिसरं, चौथं.
तन्वीरच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या.
सातव्याला तो बोलला:
"मी पण विकतच घेतलीत.
तीन वर्षांची ईदी होती."
काकांनी आठवं जरा हळू ठेवलं. पण बाजूलाच.

नववं शेवटच्या कप्प्यात, उघडंच.
कोपरे झिजलेले, पाठीवर बॉलपेनने
'त. आ., ५ वी ब'.
"ते असंच आहे. मामूने दिलेलं. वीस रुपये द्या, नाहीतर राहू द्या."
टिचकी. काका थांबले. पुन्हा टिचकी.
कड. भिंग. मग भिंग माझ्या हातात.
रेघ होती. केसाएवढी, पण इकडून तिकडे अखंड.
मला त्या कार्डाचा भाव माहीत होता.
काका काहीच बोलले नाहीत.

तेवढ्यात मालगाडी आली.
मी डबे मोजले. अठ्ठावन्न.
मोजत होतो, म्हणजे बोलत नव्हतो.

गाडी गेल्यावर काका कार्डाकडे बघतच म्हणाले,
"माझ्या आधीची दोन गेली.
म्हणून आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं उचललं, आईनं तिच्याकडून
पसाभर नागलीला विकत घेतलं. नाव कचरू.
यम आला तर म्हणेल, माल भिकार आहे, पुढं चला.
खऱ्याला खोटं म्हणाली माय, ते मला वाचवायला.
तू कशासाठी म्हणणार?"

मी आकडा सांगितला.
पहिल्यांदा सांगताना दोन हजार गिळले,
मग तेही ओकले.

तन्वीरने ऐकलं, दोनदा विचारलं,
आणि कार्ड विकलं नाही.
ड्रॅगनचा अंगरखा उतरवून
त्याने तो पाचवी बच्या अंगात घातला.
कोपरे आत जाईनात. फुंकर मारून, दाबून बसवले.
चहाचे पैसे मीच दिले. तीन कटिंग.
उघडा ड्रॅगन बाकड्यावर राहिला,
त्याच्या विजेवर कुणीतरी ग्लास ठेवला होता.