स्मरनार्थ

दारापुढं दहा बाय बाराची फरशी झाली
आणि हे म्हणाले, इथं एक बाक पाहिजे.
खुर्च्या नकोत. खुर्ची रात्री आत न्यावी लागते,
बाक कसा, बाहेरचा बाहेर.

खडूनं फरशीवर माप काढलं,
पाच फूट लांब, दीड रुंद.
आठ दिवस आम्ही त्या रेघांना वळसा घालून चाललो.
दूधवालाही घालू लागला.
काही विचारलं नाही त्यानं.

वसमत रोडला सागवानी पाहिला.
हे बसले, उठले, किंमत ऐकून परत बसले.
लोखंडी पाहिला, वेलबुट्टीचा, मधोमध सोनेरी मोर.
मी म्हटलं, परभणीचा मे महिना हा,
या मोरावर भाकरी भाजेल.
प्लास्टिकचा एका उन्हाळ्यात पापड होतो.
स्टीलचा भोकाभोकाचा स्वस्तात मिळत होता,
पण एकतीस वर्षं मी चौकशीच्या खिडकीआड काढली
त्याच बाकांवर पेंगणारी माणसं बघत.
आता घरी बसून
जिंतूर गाडीची वाट कोण बघणार?

शेवटी गंगाखेड रोडला खय्यूमभाईंचा कारखाना.
कुंड्या, जाळ्या, तुळशीवृंदावनं,
आणि ओल्या गोणपाटाखाली ओळीनं सिमेंटचे बाक.
त्यांनी वही उघडली. "नाव कुनाचं टाकायचं?"
"नाव नाही."
"मग गेलं कोन?"
"कुणीच नाही अजून," हे म्हणाले.
वही मिटली. असं गिऱ्हाईक बहुधा पहिलंच.

कोपऱ्यात एक पडून होता, चिमण्यांनी घाण केलेला.
मी पदरानं पुसला, बसून पाहिला.
गुडघे बरोबर काटकोनात,
टाचा जमिनीला.
उठले तेव्हा पाठीमागची अक्षरं दिसली
कोरून काळा रंग भरलेली:
कै. गोदुबाई त्र्यंबक कानडखेडकर
यांच्या स्मरनार्थ.

"पोऱ्यानं ऐकलं तसं कोरलं," खय्यूमभाई म्हणाले.
"त्यांचा लेक मास्तर, मराठीचाच.
एका अक्षरापायी परत लावला.
निम्म्यात न्या. म्हनाल तर नाव बुजवून देतो."
हे म्हणाले, "राहू द्या,
उगं सिमेंट कशाला वाया."

टेम्पोतून चौघांनी उतरवला.
खडूच्या रेघेबाहेर चार बोटं गेलाच.

आता संध्याकाळी फरशीवर पाणी मारून
आम्ही बसतो. बसलं की नाव झाकतं,
उठलं की ती तिथंच.
घामानं यांच्या सदऱ्यावर कधी कधी "र्थ" उमटतो.
शेजारची सलोनी विचारते, गोदुबाई तुमच्या कोण?
हे सांगतात, भाडेकरू.
कुरिअरवाला फोनवर म्हणतो,
हाव, गोदुबाईचा बाक, दिसला, आलो.

परवा एक गाडी फाटकापाशी थांबली.
पन्नाशीचा माणूस, खिशाला दोन पेनं.
उतरला नाही आधी. नुसतं वाचत राहिला,
माझ्या मागं जेवढं दिसत होतं तेवढं.
मी सरकले, तेव्हा सगळं दिसलं.

आत आला. मधोमध बसला,
आईवर पाठ टेकून.
बराच वेळ समोरच्या पेरूकडं बघत होता.
मग म्हणाला, "तिला ण यायचाच नाही.
लोनी म्हणायची, कोन म्हणायची.
मी पाचवीत होतो, तवापासून तिला सुधरत होतो."

यांना काय बोलावं सुचेना.
त्यानंच विचारलं, केवढ्याला पडला?
"बावीसशे. पोचवून."
"माझा हजार ॲडव्हान्स होता," तो म्हणाला
आणि हसल्यासारखं केलं.

ऊन कलतं होतं, सिमेंट अजून गरम.
रुमाल काढला, घडी मोडली नाही, परत ठेवला.
"ताई," म्हणाला,
"थोडं पानी द्या."

मी तांब्या आणायला आत गेले.